इतर

मार्डीच्या अलीकडं डांबरी सोडून डावीकडं वळलं
की अर्धा एकर माळ आहे, वनखात्याचा.
तारेचं कुंपण, दोन ठिकाणी मोडलेलं.
वर कुसळी गवत, खाली चुनखडी,
नांगर घातला तर नांगरच माघारी फिरेल अशी.

तिथं तो राहतो.
फक्त तिथं.

रस्त्यापलीकडं तसंच गवत आहे, तसाच मुरूम,
तेच चव्वेचाळीसचं ऊन.
पलीकडं मी गुडघ्यावर चार उन्हाळे काढले,
एक सापडला नाही.

नाकतोड्याच्या कुळातला,
पण पंखांच्या जागी नुसती शिवण.
रंग कडक भाकरीचा, चार दिवसांच्या.
आणि मांडीला आतल्या अंगानं,
उडी मारली तरच दिसेल अशी
जांभळी रेघ,
इरकलीच्या काठातनं एक सूत ओढून घ्यावं तशी.

मी एकोणीस वर्षं पक्षी मोजले,
पाणवठ्याशेजारी, मचाणावर, बुद्धपौर्णिमेला.
माळढोक एका साली नऊ, मग चार, मग एकटी मादी,
मग साहेब म्हणाले, शून्य लिहा,
रकाना मोकळा सोडू नका.
शून्य मला कधी नीट गोल काढता आलं नाही.
तळाला ‘इतर’ म्हणून रकाना होता.
त्यात ह्याला लिहिला:
बिनपंखी, ११.

ते वाचून विद्यापीठातनं इराबत्ती मॅडम आल्या.
तीन दिवस माळावर पालथ्या पडून होत्या,
कोपरं सोलली, पाणी संपलं, माझं प्यायल्या.
चौथ्या दिवशी पिशवीतनं बाटली काढली.
“मामा, ह्याला जगात अजून नाव नाही.
द्यायचं तर दोन लागतील.
एक नर, एक मादी. सुईवर.”

अकरातले दोन.

म्हणालो, आमच्यात बारशाला
कुणाला मारत नाहीत.
त्या हसल्या नाहीत.
बाटलीचं झाकण लावत राहिल्या, काढत राहिल्या.
मग हळू म्हणाल्या,
“नाव नसलं तर कागदावर हा नाहीच, मामा.
इथं सोलरच्या प्लेटा येतील.”

तेही खरंच.
मग मीच शोधून दिले.
एक मागचा पाय गेलेला,
आणि एक थोराड मादी, अंडी घालून मोकळी झालेली.
मोकळी झालेली असं मी धरलं.
मॅडमनी कापूस भिजवून बाटलीत टाकला.
वास गोड होता, हरभऱ्याच्या घाट्यासारखा नाही,
पेपरमिंटसारखाही नाही, पण गोड.

बाळ्याला घरी पोचलो तर दिवे लागलेले.
शेजारच्या पत्र्यात माग चालू होते.
कमळव्वानं उंबऱ्यावर माझी पँट झटकली
आणि ओरडली.
दुमडीतनं फरशीवर,
तो.
एक उडी. रेघ.
ट्यूबखाली ती इतकी जांभळी दिसली
की माळावर मी ती पाहिलीच नव्हती म्हणायची.

हा अकरातला, का बारावा?

जगात त्याचं अर्धा एकर,
आणि हा आमच्या मोरीजवळ, साबणवडीला मिशा लावतोय.
काडेपेटीतल्या काड्या कमळव्वाच्या ओंजळीत ओतल्या,
एम-एटी काढली.
ती म्हणाली, आत्ता? जेवण?
म्हणालो, झाकून ठेव.

अठरा किलोमीटर. पेटी वरच्या खिशात.
मधूनच आतून टिच्च व्हायचं,
मी गाडी बंद करून ऐकायला थांबलो
की गप्प.
ढाब्यावरच्या पोरानं विचारलं, काय हरवलं काका?
त्याला काय सांगणार.

कुंपण मोडलंय तिथनं आत शिरलो.
बॅटरी लावली नाही.
पेटी उघडून जमिनीला टेकवली
आणि बसून राहिलो, पाय आखडेपर्यंत.

निघाला का नाही, कळेना.
शेवटी पेटी हातात घेऊन हलवली.
हलकी होती.
पण येतानाही ती तेवढीच हलकी होती.